गळ्यात माहेरची माळ आहे, सासरी कंठी घ्यायला सांगतात

केळीबाग

राम कृष्ण हरि मंडळी. आजवर नुसती वाचत होते, लिहिते पहिल्यांदाच.

माझं माहेर मुक्ताईनगर तालुक्यात, तापीकाठी. घरात वारी आजोबांच्याही आधीपासूनची. बारावीत असताना मीही माळ घातली. सासर सावद्याकडचं. दोन्ही घरं लेवा पाटील, मांस-मच्छी नाही, दारू नाही, एकादशी दोन्हीकडे. त्यामुळे लग्न ठरताना हा विषय कुणाच्या डोक्यातच आला नाही. सासर स्वामीनारायणाचं आहे. लहान पोरांपासून आबांपर्यंत (सासऱ्यांपर्यंत) घरात सगळ्यांच्या गळ्यात कंठी, म्हणजे त्यांच्या पंथाची तुळशीची माळ.

आता मंदिरात दीक्षेचा कार्यक्रम आहे आणि जिजींचं (सासूबाईंचं) म्हणणं आहे की मीही वर्तमान (त्यांच्या पंथाची दीक्षा) घ्यावं. रागावून नाही, मायेनेच सांगतात. "निगुरं राहू नये माय. गुरू केल्याबिगर केलेलं देवाले पोचत नाही." मी म्हटलं, माझ्या गळ्यात माळ आहे. तर म्हणाल्या, "माळ आहे, पन कानात मंत्र कोनी देला तुले?"

खरंच, माझ्या कानात कुणी मंत्र दिलेला नाही. कोथळीला मुक्ताईच्या देवळात विणेकरी बाबांनी माळ आधी ज्ञानेश्वरीवर ठेवली, मग माझ्या गळ्यात घातली. सगळ्यांनी मोठ्याने राम कृष्ण हरि म्हटलं. बाबांनी विचारलं, "एकादशी मोडशील का? खोटं बोलशील का?" मी नाही म्हटलं, पाया पडले. आजोबांनी साखर वाटली आणि आम्ही घरी आलो. ही दीक्षा होते का? ते बाबा माझे गुरू का? असतील तर दुसरा गुरू करता येतो का?

ज्यांना हे सगळंच थोतांड वाटतं त्यांना हात जोडून विनंती, वेगळा धागा काढा. मला यातून सुटका नको आहे, जे करायचं ते नीट करायचं आहे.

गिरणाकाठ

ताई, कंठी पण तुळशीची, माळ पण तुळशीची, देव पण विष्णूच. घरात शांतता राहते तर घालून घ्या. आमच्या वहिनीने हेच केलं, काही बिघडलं नाही.

पारोळ्याचा_भाऊ

आमना गावमा आजीबाई हाईच सांगे, निगुरा मानुसना हातनं पानी भी पेवानं नही. म्हणजे जिजी काही नवीन सांगत नाहीत, खान्देशात हे घरोघरी ऐकलेलं आहे. पण कान फुंकणं म्हणजेच गुरू करणं, हे कुठून आलं ते मलाही जाणून घ्यायचं आहे. धाग्यावर बसतो.

बोरीकाठ

राम कृष्ण हरि केळीबाग ताई. मी अमळनेरचा. लहानपण सखाराम महाराजांच्या वाडीत आणि बोरीच्या वाळवंटात गेलं, वारी आजही चालू आहे. माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो, जाणत्यांनी भर घालावी.

आधी तुमचा पहिला प्रश्न. हो, माळ ही दीक्षाच आहे. वारकऱ्यांत कानात गुपचूप सांगण्यासारखा मंत्र नाही. जो मंत्र आहे तो टाळ-मृदंगाच्या गजरात चारचौघांत म्हणायचा. म्हणून तुमच्या कानात कुणी काही सांगितलं नाही यात काही राहून गेलेलं नाही. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून घालतात ती याचसाठी, की देणारा विणेकरी स्वतःला गुरू म्हणवत नाही, तो माउलींच्या वतीने देतो. त्या बाबांनी दोन प्रश्न विचारले आणि तुम्ही उत्तरं दिलीत, तिथे दीक्षा झाली. एकादशी, रोजचा हरिपाठ, वारी, खरं बोलणं, परक्याच्या पैशाला हात न लावणं, परक्या बाई-बाप्याला आईबापासारखं मानणं, हे त्या माळेबरोबर गळ्यात पडतं.

पण वारकऱ्यांना गुरू लागत नाही असं कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. माउलींना गुरू होते आणि ते सख्खे थोरले भाऊ निवृत्तिनाथ. निवृत्तिनाथांना त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी दिलं, त्यांना गोरक्षनाथांनी. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आचार्योपासना हा एक शब्द येतो आणि माउली तिथे असे रमतात की पुढे जायलाच तयार नसतात. ज्याला गुरू म्हणजे काय ते समजून घ्यायचं आहे त्याने तेवढा भाग सावकाश वाचावा. मी दर चातुर्मासात वाचतो.

नामदेवरायांची गोष्ट तर आपल्याला पाठ आहे. देव त्यांच्याशी बोलत होता, हातचं जेवत होता. तरी गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी मडक्यांसारखी वाजवून पाहिली आणि नामदेव कच्चे निघाले. ती परीक्षा घ्यायला कुणी सांगितलं? मुक्ताईने. मग नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. देव जवळ असून गुरू लागला.

तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगेवर स्नानाला जाताना वाटेत गाठ पडली, मस्तकावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नात राहून गेलं, असं तुकोबा स्वतः सांगतात. मंत्र कोणता? राम कृष्ण हरि. तोच, जो तुम्ही देवळात सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलात. आता जिजींना सांगा, की जगद्गुरूंना गुरूने दिलेला मंत्रच तुमच्याकडे आहे.

गिरणाकाठ भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण "घालून घ्या" हे मला पटत नाही. दीक्षा म्हणजे शब्द देणं. एक शब्द दिलेला असताना दुसरा द्यायचा तर आधी पहिल्याचं काय ते ठरवावं लागतं. घरातली शांतता राखायला दिलेला शब्द किती दिवस टिकेल?

गिरणाकाठ

बोरीकाठ काका, मुद्दा मान्य. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "हरिपाठ सुटला आणि पूजापाठही अंगवळणी पडला नाही." हे मला माहीत नव्हतं.

मुक्ताईची_लेक

केळीबाग ताई, तुम्ही तर मुक्ताईच्या गावच्या. चांगदेव आठवा. योगसामर्थ्यावर चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून भेटायला आलेले, हजारो शिष्यांचे गुरू. त्यांनी माउलींना पत्र पाठवलं ते कोरं, कारण मायना काय लिहावा तेच कळेना. मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. माउलींनी त्याला पासष्ट ओव्यांत उत्तर दिलं आणि शेवटी चांगदेवांनी गुरू केलं ते त्या लहानग्या मुलीला. वय, मान, शिष्यपरिवार, बाई की पुरुष, यातलं काहीही मध्ये आलं नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ आणि मुक्ताईचं कोथळी-मेहूण एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, माघातल्या यात्रेला माणसं दोन्हीकडे जातात. खान्देशाला गुरू-शिष्य म्हणजे काय हे सांगायला बाहेरून कुणी यायची गरज नाही.

आणखी एक. वैजापूरकडचं शिऊर आपल्याला जवळच. तिथल्या संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं, प्रत्यक्ष भेट व्हायच्या आधी, स्वप्नातल्या दर्शनावर. नवऱ्याला ते अजिबात पटलं नाही, ब्राह्मणाच्या बाईने असा गुरू करावा म्हणून त्याने मारहाणही केली. बाईने संसार सोडला नाही आणि गुरूही सोडला नाही. पुढे नवराच वळला. सतराव्या शतकात एका बाईला हे जमलं. तुमच्या जिजी तर मायेने बोलतात.

सावदेकर

जिजींची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. मी सत्संगी, म्हणजे स्वामीनारायणाचा अनुयायी आहे, घरात तिसरी पिढी.

सावदा, फैजपूर, यावल, भुसावळ हा सगळा पट्टा गुजरातेतल्या वडताल गादीचा. सहजानंद स्वामींनी, म्हणजेच स्वामीनारायणांनी, १८२६ मध्ये वडताल आणि अहमदाबाद अशा दोन गाद्या करून दिल्या. त्याच वर्षी वसंत पंचमीला शिक्षापत्री लिहिली, २१२ श्लोकांची. गृहस्थाने कसं वागायचं ते तिच्यात बारीकसारीक आहे, अगदी उत्पन्नाच्या मानाने खर्च किती करावा आणि पाणी गाळून प्यावं इथपर्यंत. आमच्या आजोबांच्या पिढीत ज्या घरांत दारू शिरली होती, त्या घरांतून ती कंठीने काढली. म्हणून जिजींना कंठीचं इतकं महत्त्व वाटतं. त्यांच्या मनात सुनेला आपल्यात ओढायचं नसेल, तिला उघड्यावर ठेवायचं नाही एवढंच असेल.

वर्तमान घेताना काय होतं ते सांगतो. उजव्या तळहातावर पाणी घ्यायचं. श्रीकृष्णाला मी शरण आलो आहे, त्याने माझं रक्षण करावं, अशा अर्थाचा संस्कृत मंत्र म्हणायचा आणि पाणी सोडायचं. मग दुपदरी कंठी. दारू, मांस, चोरी, व्यभिचार सोडायचा हे चार नियम आणि पाचवा आहार-आचाराच्या शुद्धीचा. बायकांना ही दीक्षा आचार्यांच्या पत्नी देतात, पुरुषांसमोर जावं लागत नाही. माझ्या आजीला याचं फार अप्रूप होतं. तिच्या काळात बाईने बाईकडून दीक्षा घ्यायची सोय दुसरीकडे कुठे होती?

आता ताईंच्या प्रश्नाकडे. पाचातले चार नियम तर त्या आजही पाळतात. पण पाणी सोडणं हा संकल्प आहे आणि संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो. सुनेने सासूच्या समाधानासाठी सोडलेलं पाणी हा काही संकल्प नव्हे. आमचे संतही कुणाला धरून आणून कंठी घालत नाहीत. बोरीकाठ काका जे म्हणाले तेच मी आमच्या बाजूने म्हणतो.

केळीबाग

सावदेकर दादा, पाणी सोडण्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरात सगळे "कंठी बांधून घे" एवढंच म्हणतात. पाच नियम मला माहीत होते, मंत्राचा अर्थ आज कळला. जिजींनी त्यांची दीक्षा झाली तेव्हाची गोष्ट मला कधी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. आज संध्याकाळी विचारते.

बोरीकाठ काका, तूप द्यायचं राहून गेलं ही गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजोबा कीर्तनातून आल्यावर हीच सांगायचे.

एरंडोल_नाका

थोडं वेगळं लिहितो, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मावशीला एका महाराजांनी अनुग्रह दिला. आधी दक्षिणा, मग अनुष्ठान, मग "तुमच्या घरावर कुणीतरी केलेलं आहे" असं सुरू झालं. मंत्र नवऱ्यालाही सांगायचा नाही, इथे येतो हेही सांगायचं नाही, अशी ताकीद. मावशीच्या पाटल्या गेल्या तेव्हा घरात कळलं. आजही ती म्हणते, गुरूबद्दल वाईट बोलू नका, पाप लागेल. पैशाचं एक वेळ जाऊ द्या, पण तिची भक्ती पार भीतीने भरून गेली आहे, ती कशी काढायची? देवघरात बसली तरी हात थरथरतात.

पांझरा

एरंडोल नाका भाऊ, मावशींना समर्थांचा आधार द्या, कारण त्या गुरूच्या शब्दाला मान देतात. आमच्या धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकरराव देवांनी उभं आयुष्य घालून गावोगावच्या मठांतून रामदासी बाडं इथे गोळा केली. समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायण इथे जपून ठेवलं आहे. एकदा मावशींना घेऊन या, ते अक्षर डोळ्यांनी पाहू द्या.

मग दासबोधाचा पाचवा दशक काढा. पहिल्या समासात समर्थ गुरू हवाच असं ठासून सांगतात. आणि लगेच दुसऱ्या समासात गुरू कुणाला म्हणू नये ते सांगतात. चमत्कार दाखवणारे, जारण-मारण करणारे, मंत्रतंत्र सांगणारे, हे सगळे बाजूला काढतात. जो शिष्याला साधनाला लावत नाही, इंद्रियं आवरायला शिकवत नाही, असे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत, हे समर्थांचं सांगणं आहे. तेव्हा असा गुरू सोडला तर पाप लागत नाही, समर्थांचीच तशी आज्ञा आहे, हे मावशींना सांगा. तिसरा समास शिष्याच्या लक्षणांचा आहे, तो आपण सगळ्यांनीच वाचावा असा.

धुळ्याचीच आणखी एक गोष्ट सांगतो. १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे दर रविवारी एकेक अध्याय घेऊन गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्या गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवायचं ते आहे. नमस्कार करून, प्रश्न विचारून, सेवा करून. तिन्ही एका ओळीत. आपण नमस्कार करतो, सेवाही मर मर करतो, मधला प्रश्न मात्र गाळतो. जिथे प्रश्न विचारायची बंदी आहे तिथे गुरू नाही, असं मी तरी धरून चालतो.

वकिलीण_जळगाव

एरंडोल नाका, पाटल्यांच्या बाबतीत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून राज्यात लागू आहे. करणी झाल्याची भीती घालणं, चमत्काराच्या नावाखाली लुबाडणं हे त्यात बसतं. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार दंड आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याला यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच भेटा. श्रद्धेने घेतलेली दीक्षा, वारी, कीर्तन, हरिपाठ याला या कायद्याचा काही अडसर नाही, हेही मावशींना सांगा, नाहीतर त्या देवाच्या विरोधात तक्रार समजतील.

दंडवत_प्रणाम

दंडवत. आम्ही महानुभाव, भडगाव तालुका, कनाशीजवळचे. केळीबाग ताईंनी हे वाचावं. आमच्यात उपदेश, म्हणजे दीक्षा, घेण्याआधी धर्म ऐकावा लागतो. कारण उपदेश घेतला की पंचकृष्णांवाचून (श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर) दुसऱ्या कशाची उपासना राहत नाही. आईने उपदेश घेतला तेव्हा घरातले टाक निघाले, कुळाचार थांबले. आजीने वर्षभर तिच्याशी नीट बोलणं केलं नाही. तरी आई डगमगली नाही, कारण सगळं ऐकून, समजून घेतलं होतं. आज आजीची सगळी सेवा आईच करते, सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेला दोघी जातात.

सांगायचं हे की काही पंथांत एक घेतलं की दुसरं सुटतंच. ज्याची दीक्षा घेणार त्यांना आधी स्पष्ट विचारा, काय सोडावं लागेल?

तळोद्याचा_मास्तर

मंडळी, खान्देश म्हटलं की सगळे तापीकाठीच थांबतात. थोडं आमच्या सातपुड्याकडे या. रंजनपूरचे संत गुलाम महाराज हे भिल्ल समाजातले. १९३० च्या दशकात त्यांच्या मागे हजारो माणसं उभी राहिली. त्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं नाही. रोज आंघोळ, दारू बंद, आरती, आणि एकमेकांना हाक मारायची ती "आप" म्हणून. ज्यांना सावकार आणि अंमलदार अरे-तुरेशिवाय बोलवत नव्हते, ती माणसं एकमेकांना आप म्हणू लागली. १९३८ मध्ये महाराज गेले, पुढे भाऊ रामदास महाराजांनी चालवलं. आजही आमच्याकडे आप मंडळींचं घर ओळखू येतं, सारवलेलं अंगण आणि दारूचा थेंब नाही. गुरूचं काम काय, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. माणूस त्याच्याकडे जाऊन ताठ उभा राहिला का?

पारोळ्याचा_भाऊ

मास्तर, हाई माले म्हाईतच नव्हतं. अजून लिहा, वेगळा धागा काढून लिहा.

केळीबाग

सगळ्यांचे आभार. घरात काय झालं ते सांगते.

जिजींना त्यांच्या दीक्षेची गोष्ट विचारली. भाजी निवडत होत्या, हातातली मेथी तशीच राहिली. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या, सासरी फार काम आणि बोलणी. दीक्षा झाली त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी डोक्यावर हात ठेवून "घाबरू नको" म्हटलं. "तो हात तुले भेटावा असं वाटते मले." इतकी वर्षं त्यांच्याबरोबर एका चुलीवर स्वयंपाक करते, हे मला माहीत नव्हतं.

मग मी विणेकरी बाबांचे दोन प्रश्न सांगितले, बाबाजी चैतन्यांचं सांगितलं. आबाही ऐकत होते. आबा म्हणाले, "तिनं शब्द देलेला आहे तर तो मोडायला आपन कसं सांगायचं?" ठरलं असं की मी सध्या वर्तमान घेणार नाही. माझा हरिपाठ मी आता मोठ्याने म्हणते, आधी खोलीत दार लावून म्हणायचे. रविवारी जिजींबरोबर मंदिरात कथेला बसते, शिक्षापत्री त्यांच्याकडूनच समजून घ्यायला सुरुवात केली आहे. पुढे कधी मनापासून वाटलं तर आधी माहेरच्या वारकरी फडावर जाऊन विचारेन, परस्पर काही करणार नाही.

जिजी अजून नाराज आहेत. नणंदेला फोनवर "ऐकत नाही" म्हणाल्या, ते मी ऐकलं. पण गुरुपौर्णिमेला यावलला व्यासांच्या देवळात आम्ही दोघी जाणार आहोत, ते त्यांनीच काढलं. व्यास सगळ्यांचेच गुरू, तिथे माळ आणि कंठी दोन्ही चालतात, असं म्हणाल्या.

एक विचारायचं राहिलं. माझ्या माळेचा दोरा विरत आला आहे. तुटली तर काय करायचं? माहेरी विचारलं असतं, पण आजोबा आता नाहीत.

मुक्ताईची_लेक

यावलला गर्दी फार असते. सकाळी लवकर निघा, जिजींना रांगेत उभं राहणं जड जाईल. देऊळ हडकाई-खडकाईच्या संगमावर आहे, पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं, हात धरून न्या.

बोरीकाठ

ताई, तुटायची वाट पाहू नका. एकादशीच्या दिवशी आंघोळ करून नवा दोरा घ्या, मणी एकेक करून त्याच क्रमाने ओवा, माळ ज्ञानेश्वरीवर ठेवा आणि राम कृष्ण हरि म्हणून घाला. अचानक तुटलीच तर आमच्याकडे ती परत गळ्यात पडेपर्यंत अन्न घेत नाहीत. मणी हरवला तर पंढरपूरहून आणलेले तुळशीचे मणी कुठल्याही माळकऱ्याकडे मिळतात. तुमच्याकडे नसतील तर इथेच लिहा, माघात मुक्ताईच्या यात्रेला मी येतो तेव्हा घेऊन येईन. जिजींनाही यात्रेला आणा.